स्पिल : आव्हान, बंड, की रिकामी केलेली खुर्ची?

विचारणा

मी पुण्यात बातम्यांच्या भाषांतराचं काम करते. ऑस्ट्रेलियाच्या राजकारणावरचा थोडा जुना मजकूर सध्या हातात आहे आणि त्यात 'लीडरशिप स्पिल' हा शब्द पानोपानी आडवा येतोय. मराठी बातम्या चाळल्या तर त्याला तीन प्रतिशब्द सापडले : अविश्वास ठराव, नेतृत्वाला आव्हान आणि पक्षांतर्गत बंड. तिन्ही एकाच घटनेला वापरलेले. शब्दकोशात पाहिलं तर स्पिल म्हणजे सांडणे, लवंडणे. सत्तेत असलेल्या पक्षात नेमकं काय सांडतं? आणि मराठीत काय लिहावं?

प्रतिसाद

ताई, प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. मी वीसेक वर्षं मेलबर्नमध्ये राहतो आणि इथल्या बातम्या घरच्यांना मराठीत समजावून सांगताना याच शब्दाशी दर वेळी अडखळलोय. तुम्हाला सापडलेले तिन्ही शब्द स्पिलच्या आसपास फिरतात, पण त्याच्यावर एकही बरोबर बसत नाही.

इथे पंतप्रधान थेट लोकांकडून निवडला जात नाही. कनिष्ठ सभागृहात ज्याच्या पाठीशी बहुमत, तो पंतप्रधान, आणि तो सत्ताधारी पक्षाचा नेता असतो. तो नेता ठरवायचा अधिकार बराच काळ फक्त पक्षाच्या खासदार-सेनेटरांच्या बैठकीला होता. या बैठकीला लिबरल पक्षात 'पार्टी रूम' म्हणतात आणि लेबर पक्षात 'कॉकस'. (पार्टी रूमचं भाषांतर 'पक्षाची खोली' असं करू नका, मी ते छापलेलं पाहिलंय. आपल्याकडे ज्याला संसदीय पक्षाची बैठक म्हणतात, ती ही.)

आता नेता बदलायचा असेल तर दोन पायऱ्या असतात. पहिली, नेतेपद रिक्त झालं असं जाहीर करणं. दुसरी, त्या रिक्त जागेसाठी मतदान. स्पिल म्हणजे यातली पहिली पायरी. भरलेलं भांडं उपडं करून रिकामं करायचं, एवढंच. मग ते कोणीही भरावं. ज्याचं पद नुकतंच रिकामं केलं, तोसुद्धा पुन्हा उभा राहू शकतो आणि जिंकूही शकतो.

हे पटवायला २०१५चा फेब्रुवारी पुरेसा आहे. लिबरल पक्षाचे टोनी ॲबट पंतप्रधान होते. ल्यूक सिम्पकिन्स या त्यांच्याच पक्षाच्या खासदाराने सहकाऱ्यांना ईमेल पाठवून कळवलं की नेता आणि उपनेता ही दोन्ही पदं रिक्त करण्याचा ठराव मी मांडतोय. डॉन रँडल यांनी अनुमोदन दिलं. ॲबट यांनी बैठक एक दिवस अलीकडे ओढली आणि सोमवारी, ९ फेब्रुवारीला, गुप्त मतदान झालं. ठराव ६१ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला गेला. आता 'आव्हान' हा शब्द इथे लावून बघा. आव्हान दिलं कोणी? मंत्री माल्कम टर्नबुल यांनी उमेदवारी जाहीर केली नव्हती, उपनेत्या जूली बिशप यांनीही नव्हती. पंतप्रधानांसमोर माणूस नव्हता, रिकामी खुर्ची होती, आणि तरीही त्यांच्या पक्षातल्या ३९ जणांना ती खुर्ची बरी वाटली. त्या सकाळचा सगळा अर्थ या एका गोष्टीत आहे. 'ॲबट यांच्या नेतृत्वाला आव्हान' असं लिहिलं की नेमका तोच हरवतो.

त्याच वर्षी १४ सप्टेंबरला मात्र टर्नबुल यांनी मंत्रिपद सोडलं, मी लढतोय असं दुपारी उघड सांगितलं आणि रात्री ५४ विरुद्ध ४४ मतांनी ते जिंकले. तिथे 'आव्हान' चपखल बसतं.

सर्वांत शिकवणारा आठवडा म्हणजे ऑगस्ट २०१८चा. मंगळवारी, २१ तारखेला, टर्नबुल यांनी बैठकीत स्वतःच आपलं पद रिक्त असल्याचं जाहीर केलं. विरोधकांनी जमवाजमव पूर्ण करायच्या आत त्यांना मैदानात ओढायचं, हा हिशेब. त्यांचे गृहमंत्री पीटर डटन उभे राहिले आणि ४८ विरुद्ध ३५ने हरले. म्हणजे इथे स्पिल केलं खुद्द पंतप्रधानांनी, आणि त्याला 'बंड' कसं म्हणणार?

पण ३५ हा आकडा कोणालाच विसरता येईना. डटन गटाने दुसरी बैठक मागितली. टर्नबुल यांनी अट घातली : पक्षाच्या ८५ जणांपैकी निम्म्याहून जास्त, म्हणजे ४३ सह्या कागदावर दाखवा. कागद फिरू लागला. शेवटची, त्रेचाळिसावी सही वॉरन एन्श यांनी केली आणि सहीशेजारी लिहिलं, 'ब्रेंडन नेल्सनसाठी'. हे नेल्सन म्हणजे २००८ साली टर्नबुल यांनी ४ मतांनी ज्यांना नेतेपदावरून हटवलं ते. दहा वर्षांची आठवण एका ओळीत मावली.

शुक्रवारी, २४ तारखेला, दुपारी बाराच्या पुढे बैठक बसली. आधी फक्त स्पिलचा ठराव : ४५ बाजूने, ४० विरुद्ध. पद रिक्त. टर्नबुल यांनी आधीच सांगितलं होतं की हा ठराव मंजूर झाला तर मी तो माझ्यावरचा अविश्वास समजेन आणि पुन्हा उभा राहणार नाही. मग दुसरी पायरी. पहिल्या फेरीत डटन ३८, स्कॉट मॉरिसन ३६, जूली बिशप ११. बिशप बाद झाल्या. शेवटच्या फेरीत मॉरिसन ४५, डटन ४०. मुख्य प्रतोद नोला मरीनो बाहेर आल्या आणि त्यांनी निकाल सांगितला.

एकाच दुपारी ४५-४० हा आकडा दोनदा आला, दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं म्हणून. पहिलं : खुर्ची रिकामी करायची का? दुसरं : तिच्यावर कोण? त्या दिवसाचं वृत्त मराठीत देताना दोन शब्द हाताशी नसतील तर वाचकाला वाटतं मॉरिसन यांनी टर्नबुल यांना हरवलं. ते दोघे एकमेकांसमोर उभेच राहिले नाहीत.

राहता राहिला 'अविश्वास ठराव'. हा सभागृहातला शब्द आहे. तो मंजूर झाला तर सरकारच धोक्यात येतं. स्पिलमध्ये सरकार जागच्या जागी राहतं, पक्षही फुटत नाही, बदलतो तो फक्त वरचा माणूस. पक्षाच्या बैठकीतला विश्वासाचा ठराव असतो, पण तो वेगळा. १० मार्च १९७१ला जॉन गॉर्टन यांच्यावर लिबरल बैठकीत विश्वासाचं मतदान झालं, ३३-३३ असं बरोबरीत सुटलं. बरोबरी म्हणजे विश्वास नव्हे, असं म्हणून गॉर्टन स्वतः पायउतार झाले आणि विल्यम मॅकमहन पंतप्रधान झाले. तिथे 'विश्वास' हा शब्द हवाच, कारण मतदान त्याच शब्दावर झालं होतं.

आणखी एका वाचकाचा प्रतिसाद

माहिती छान. पण प्रतिशब्द काही मिळाला नाही. 'ऑइल स्पिल'ला आपण तेलगळती म्हणतो, मग 'नेतृत्वगळती' का नको? नाहीतर सरळ 'खांदेपालट' म्हणा, सगळ्यांना कळतो.

प्रतिसाद

'गळती' शब्द म्हणून मोह पाडतो हे खरं, पण मराठी राजकारणात तो आधीच दुसऱ्या कामाला लागलेला आहे. 'पक्षाला गळती लागली' म्हणजे माणसं पक्ष सोडून चालली. स्पिलमध्ये कोणी पक्ष सोडत नाही. हरलेला माणूस त्याच बाकांवर मागे जाऊन बसतो आणि बरेचदा पुढच्या स्पिलची तयारी करतो. लेबरच्या पॉल कीटिंग यांनी ३ जून १९९१ला पंतप्रधान बॉब हॉक यांच्याविरुद्ध ६६-४४ अशी हार खाल्ली, मागच्या बाकावर गेले आणि १९ डिसेंबरला ५६-५१ने जिंकून पंतप्रधान झाले. लेबरच्याच केविन रड यांनी २०१० साली पंतप्रधानपद गमावलं, फेब्रुवारी २०१२मध्ये पंतप्रधान जूलिया गिलार्ड यांच्याकडून ७१-३१ असा मोठा पराभव पत्करला आणि २६ जून २०१३ला ५७-४५ने तेच पद परत मिळवलं. याला गळती म्हटलं तर वाचक भलतीकडेच जाईल. शिवाय गळती आपोआप होते, नळाची होते तशी. इथे भांडं हाताने उपडं केलेलं असतं.

'खांदेपालट'मध्ये हात वरचा असतो. मुख्यमंत्री मंत्र्यांची खांदेपालट करतात, श्रेष्ठी प्रदेशाध्यक्षांची. स्पिलमध्ये खालचे वरच्याला हलवतात. 'नेतृत्वबदल' हा परिणाम झाला, आणि फेब्रुवारी २०१५मध्ये तो झालाच नव्हता.

मला वाटतं, मराठीत या कृतीला शब्द नाही कारण आपल्या राजकारणात ही कृतीच घडत नाही. आपल्याकडे विधिमंडळ पक्षाची बैठक होते आणि नेता निवडीचे सर्व अधिकार पक्षश्रेष्ठींना देणारा एका ओळीचा ठराव एकमताने मंजूर होतो. 'श्रेष्ठी', 'निरीक्षक', 'एका ओळीचा ठराव', 'गटनेता' हे सगळे शब्द आपण त्या पद्धतीतून घडवले आणि ते तिला अगदी नेमके बसतात. उलट, चालू मुख्यमंत्र्याचं पद रिक्त करायचं की नाही यावर आमदारांनी चिठ्ठ्या टाकून गुप्त मतदान करावं, ही सवयच नाही, तर शब्द कुठून येणार? आपल्याकडे नाराजांना वाट उरते ती फुटून निघण्याची, म्हणून 'बंड', 'फूट', 'उठाव' हे शब्द आपल्या जिभेवर तयार असतात.

आणि 'खंजीर'. १९७८ला वसंतदादा पाटलांचं सरकार पडलं तेव्हापासून 'पाठीत खंजीर खुपसला' हे वाक्य महाराष्ट्रात जे रुजलं ते आजही प्रत्येक पक्षाच्या तोंडी आहे. इथेही सुरी चालवल्याची भाषा सर्रास होते, २०१०मध्ये रड यांच्याबाबत तर फारच झाली. पण बातमीत तो शब्द नको. त्यात निवाडा आहे. तारीख जाहीर करून, मतं मोजून, प्रतोदाने आकडे सांगून झालेल्या गोष्टीला कोणी विश्वासघात म्हणायचं असेल तर ते आपल्या नावाने लेखात म्हणावं.

माझी सूचना साधी आहे. पहिल्यांदा 'नेतेपद रिक्त करण्याचा ठराव, म्हणजेच स्पिल' असं लिहावं आणि पुढे नुसतं स्पिल. 'नेतेपद' हा शब्द मुद्दाम, 'पंतप्रधानपद' नको. पक्षाची बैठक रिकामं करते ते नेतेपद. पंतप्रधानपदाचा राजीनामा नंतर गव्हर्नर जनरलकडे जातो.

विचारणा

पटलं. आणखी दोन गोष्टी. स्पिल झाला, झाली की झालं? आणि हा शब्द तिथे राजकारणाबाहेरही वापरतात का?

प्रतिसाद

मी 'झालं' म्हणतो. बिल आलं, सील लागलं, तसं स्पिल झालं. आमच्या घरात बायको 'स्पिल झाली' म्हणते, तिच्या मनात बहुधा निवडणूक किंवा गळती असते, आणि ऐकायला तेही खटकत नाही. पण लेखी मजकुरात एकच लिंग शेवटपर्यंत सांभाळा.

राजकारणाबाहेर तर फार. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांसाठी २०११मध्ये इथे 'दोन ठोक्यां'चा कायदा झाला. वरिष्ठांच्या मानधनाच्या अहवालाला लागोपाठ दोन वार्षिक सभांत २५ टक्के किंवा जास्त मतं विरोधात पडली, तर त्या दुसऱ्या सभेतच स्पिलचा ठराव मतदानाला येतो. तो निम्म्याहून जास्त मतांनी मंजूर झाला तर ९० दिवसांच्या आत खास सभा घेऊन व्यवस्थापकीय संचालक सोडून बाकीच्या संचालकांना पुन्हा निवडून यावं लागतं. बघा, इथेही त्याच दोन पायऱ्या.

नोकरीतलं 'स्पिल अँड फिल' मी स्वतः भोगलंय. आमच्या विभागातल्या आम्हा बारा जणांना एका सकाळी बैठकीच्या खोलीत बोलावलं आणि सांगितलं की बाराही पदं आजपासून रिक्त समजायची, नव्या रचनेत आठ आहेत, इच्छुकांनी अर्ज करावा. सात वर्षं ज्या टेबलावर बसत होतो त्याच टेबलावर बसून त्याच कामासाठी मी अर्ज भरला. 'अनुभव' या रकान्यात काय लिहावं, हे मला पंधरा मिनिटं सुचलं नाही. माझी निवड झाली. माझ्या उजवीकडे बसणाऱ्या बाईंची झाली नाही. त्या दिवशी मला कळलं की कोणी आव्हान देत नाही, कोणी बंड करत नाही, तरीही माणसाखालची खुर्ची कागदावर रिकामी होऊ शकते. म्हणून या शब्दातलं रिकामं करणं भाषांतरात राहावं, असा माझा आग्रह आहे.

एक सांगायचं राहिलं. आता सत्तेवरच्या नेत्याविरुद्ध स्पिल पूर्वीइतकं सोपं नाही, तेव्हा नवीन मजकूर आला तर नियम तपासून लिहा. रड परत आल्यावर जुलै २०१३मध्ये लेबरने ठरवलं की चालू पंतप्रधानाविरुद्ध निवड मागायला कॉकसच्या ७५ टक्के सदस्यांच्या सह्या लागतील आणि नेता निवडताना निम्मं वजन साध्या पक्षसदस्यांच्या मतांना राहील. डिसेंबर २०१८मध्ये मॉरिसन यांनी लिबरल पक्षात नियम आणला की निवडणूक जिंकून आलेल्या पंतप्रधानाला हटवायला दोन तृतीयांश मतं हवीत. टर्नबुल यांच्या वेळी हा नियम असता तर ८५पैकी ४५ पुरले नसते.

तुमच्या मजकुरातलं फेब्रुवारी २०१५चं वाक्य मी असं लिहीन : 'पंतप्रधान टोनी ॲबट यांचं पक्षनेतेपद रिक्त करण्याचा ठराव लिबरल पक्षाच्या संसदीय बैठकीत ३९ विरुद्ध ६१ मतांनी फेटाळण्यात आला, त्यांच्याविरुद्ध कोणीही उमेदवारी जाहीर केली नव्हती.' स्वल्पविरामानंतरचा भाग जागेअभावी कापायला सांगितला, तर बाकी काहीही कापा, तो ठेवा.