सोसायटी ग्रुप: ऑफिसच्या कॉम्प्युटरला हात कोणी लावला?

आहेर (खजिनदार, बी-४०२): रविवारी ऑफिसच्या कॉम्प्युटरला हात कोणी लावला? शनिवारी बंद करून गेलो तेव्हा धडधाकट होता. आज उघडला तर स्टार्टचं बटण मधोमध, माझी वरची टास्कबारची पट्टी खाली, आणि विंडो जरा सरकवली की कडेला जाऊन चिकटते. आज १० तारीख आहे. मेंटेनन्सची बिलं कशी काढायची ते हात लावणाऱ्यानेच सांगावं.

कुलकर्णी (सेक्रेटरी): सुप्रभात आहेर साहेब 🙏 मीच लावला. विंडोज ११ टाकलंय. विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे फुकट अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दिवाळीआधी ग्रुपवर दोनदा टाकलं होतं. सोसायटीचं नेट बँकिंग त्याच मशीनवर चालतं, म्हणून थांबलो नाही.

आहेर: ग्रुपवर टाकलं म्हणजे मला विचारलं असं होत नाही. त्या मेसेजला तीन अंगठे आले होते, त्यात माझा नव्हता.

गायधनी (ए-१०१): सदर कामाला खर्च किती आला व तो कोणत्या मीटिंगमध्ये मंजूर झाला? कृपया उत्तर द्यावे.

कुलकर्णी: काका, खर्च शून्य. मशीन बसत असेल तर १० वरून ११ वर फुकट जाता येतं. आपलं बसलं.

गायधनी: बिल टाका.

निकम (बी-२०१): शून्याचं बिल? जीएसटीसकट टाका साहेब 😄

जोशी काकू (ए-३०३): आज पाण्याला प्रेशर नाहीये का कोणाकडे?

आहेर: "मशीन बसत असेल तर" म्हणजे काय?

कुलकर्णी: इंटेल असेल तर प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो, रॅम किमान ४ जीबी, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय. ती आपल्या मशीनमध्ये होती, पण बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद होती. चालू केली. वॉचमन केबिनमधलं सीसीटीव्हीचं मशीन सहाव्या पिढीचं आहे, ते मात्र बसत नाही.

गायधनी: म्हणजे नवीन मशीन घेणार. मी गेल्या मीटिंगलाच म्हटलं होतं, इकडून नाही तर तिकडून खर्च काढणारच.

निकम: काका, लगेच घ्यायची गरज नाही. विंडोज १० ला वर्षभराची मुदतवाढ मिळते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटला सेटिंग्जचा बॅकअप जोडला की फुकट, नाहीतर ३० डॉलर.

कुलकर्णी: निकम, ती योजना घरगुती कॉम्प्युटरसाठी आहे. सोसायटी घरगुती कशी धरायची?

निकम: मग त्याचं नेट काढून ठेवा. वॉचमनमामांचं क्रिकेट तेवढं बंद होईल.

जाधव (ए-२०४): सीसीटीव्हीचा विषय निघालाच आहे तर रेकॉर्डिंग काढून बघा. माझ्या स्लॉटमध्ये पांढरी गाडी कोणाची लागते ते सगळ्यांना कळू द्या.

गायधनी: जावई दोन दिवस आले होते. घरचा माणूस आहे.

जाधव: श्रावणापासूनचे दोन दिवस का काका?

कुलकर्णी: पार्किंगसाठी वेगळा विषय घेऊ. कृपया 🙏

गायधनी: सदर कामाला खर्च किती आला व तो कोणत्या मीटिंगमध्ये मंजूर झाला? कृपया उत्तर द्यावे.

सायली देवरे (बी-५०४): आहेर काका, मी कॉलेजला निघालेय, द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलेय. फोनवरूनच सांगते. पट्टी वर न्यायची सोयच त्यांनी ११ आणताना काढली. पण बटण डावीकडे येतं. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, अगदी खाली टास्कबार बिहेवियर्स. तिथे अलाइनमेंटला लेफ्ट करा. त्याच यादीत बटणं एकत्र करायचा पर्याय आहे, तिथे नेव्हर निवडा, म्हणजे प्रत्येक फाइल नावासकट वेगळी दिसेल.

आहेर: लेफ्ट झालं. पट्टी मात्र बँकेत होतो तेव्हापासून वर ठेवायचो. असो. आणि चिकटणं?

सायली: ते विंडोज ७ पासून आहे काका. आता जास्त जाणवतं, कारण विंडो उचलली की वरून एक छोटी पट्टी उतरते. नको असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, मल्टिटास्किंग, तिथे स्नॅप विंडोज. पण सगळं बंद नका करू. शेजारच्या बाणावर दाबून जी खूण त्रास देते तेवढीच काढा. बिलं करताना तुम्ही काय काय उघडता?

आहेर: बँकेचं स्टेटमेंट आणि आपलं लेजर. कोणी भरले, कोणी नाही, हे एकेक ओळ जुळवत जातो. स्टेटमेंटची प्रिंट काढतो, त्यावर फूटपट्टी ठेवतो आणि स्क्रीनवर लेजर.

कुलकर्णी: दर महिन्याला प्रिंटरची शाई कुठे जाते ते आज कळलं.

आहेर: शाईचा हिशेब माझ्याकडे आहे सेक्रेटरी साहेब. तुमच्या दिवाळीच्या रांगोळी स्पर्धेच्या रंगीत प्रिंटांचाही आहे.

सायली: 🙈 काका, स्टेटमेंटवर क्लिक करून विंडोज की आणि डावा बाण. ते अर्ध्या स्क्रीनवर बसेल आणि उरलेल्या अर्ध्यात बाकीच्या फाइली छोट्या छोट्या दिसतील. त्यातलं लेजर निवडा. बस.

आहेर: बसलं.

आहेर: मधली रेघ सरकवली तर दोन्ही एकदम लहान-मोठं होतं. हे बरं आहे. रकमेचा कॉलम झाकला जात होता.

सायली: आणि मध्येच दुसरं काही उघडलं तरी आल्ट-टॅबमध्ये ही जोडी एकत्रच दिसते. परत निवडली की दोन्ही आपापल्या जागी.

निकम: विंडोज की आणि झेड दाबून बघा आहेर साहेब, मांडण्यांची चित्रंच येतात. माझ्याकडे तीन उभे भागही होतात. स्टेटमेंट, लेजर, बिल, तिन्ही शेजारी शेजारी.

आहेर: माझ्याकडे दोन भाग आणि चार चौकोन. तीन उभे कुठे आहेत?

सायली: ऑफिसचा मॉनिटर १३६६ चा आहे ना? तीन उभ्या भागांना स्क्रीन किमान १९२० पिक्सेल रुंद लागते.

गायधनी: म्हणजे आता मॉनिटर घेणार. आला की नाही खर्च? सदर मॉनिटरला खर्च किती येणार व तो कोणत्या मीटिंगमध्ये मंजूर करणार? कृपया उत्तर द्यावे.

सायली: काका, मी फक्त कारण सांगितलं 🙏

गायधनी: तुला नाही बाळा. ज्यांना समजायचं त्यांना समजलं.

जोशी काकू: पाण्याचं कोणी सांगेल का? पोळ्यांची कणीक तशीच पडलीय.

कुलकर्णी: काकू, वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह अर्धाच उघडला होता. वॉचमनला पाठवलंय.

जोशी काकू: तोही रविवारीच बदलला का?

निकम: आहेर साहेब, अजून एक. विंडोज, कंट्रोल आणि डी एकदम दाबा. दुसरा डेस्कटॉप मिळतो. बिलं एकीकडे, बाकी दुसरीकडे.

आहेर: निकम!! सगळं गेलं. स्टेटमेंट नाही, लेजर नाही, कोरं पान. ३२ फ्लॅट भरून झाले होते.

कुलकर्णी: घाबरू नका, शनिवारपर्यंतचा बॅकअप पेनड्राइव्हवर आहे.

आहेर: ३२ फ्लॅट आजचे आहेत!

सायली: काहीच गेलं नाही. विंडोज, कंट्रोल आणि डावा बाण.

आहेर: आले.

आहेर: निकम, यापुढचे सल्ले घरच्यांना द्या.

निकम: घरचे ऐकत नाहीत म्हणून तर ग्रुपवर देतो.

कुलकर्णी: साहेब, अगदीच जमत नसेल तर १० वर परत जायची सोय आहे. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, गो बॅक. पण फक्त दहा दिवस, नंतर तो पर्याय निघून जातो. तुम्ही म्हणाल तर आज संध्याकाळी करून देतो.

आहेर: संध्याकाळी कोणी कशाला हात लावू नये. १८ तारखेपर्यंत मी वापरतो, मग काय ते सांगतो. आणि पुढच्या वेळी माझ्या घराची बेल वाजवा, ती कोणत्याही विंडोजवर चालते.

गायधनी: माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही याची सर्वांनी नोंद घ्यावी.

कुलकर्णी: काका, लेखी देतो. विंडोज ११: ० रुपये. मजुरी: ० रुपये. चहा: माझ्या घरचा. सीसीटीव्हीचं मशीन पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेत घेतलंय, तिथे बोला.

आहेर: सर्वांना कळविण्यात येते की नोव्हेंबरची बिलं ईमेलवर पाठवली आहेत. काही फरक असल्यास २५ तारखेच्या आत मला सांगावं, ग्रुपवर नाही.

जाधव: आहेर साहेब, एक नंबर 👏

गायधनी: माझ्या बिलात पाहुणे पार्किंग तीन महिन्यांचं कसं लागलं?

आहेर: आज गेटचं रजिस्टर स्कॅन करून डावीकडे ठेवलं होतं.