'कास्ता' म्हणजे जात का?

कुंपणावरची: मेक्सिकोतल्या जुन्या चित्रांवरच्या पुस्तिकेचं भाषांतर करतेय. अठराव्या शतकात तिथे 'कास्ता'ची चित्रं काढत, बहुधा 16 चा संच. प्रत्येक चौकटीत आई, बाप, मूल आणि खाली नाव: स्पॅनिश बाप, तिथली मूळची 'इंडिया' आई, मूल मेस्तिसो. आई आफ्रिकी असेल तर मुलातो. मी 'जातिचित्रे' लिहिलं, संपादकांनी 'संकरचित्रे' केलं. संकर म्हटलं की मला ज्वारीचं बियाणं आठवतं. काय लिहू?

दौतटाक: संपादक बरोबर आहेत. वर्णसंकर थेट गीतेतला शब्द. अनुलोम (नवरा वरच्या वर्णाचा) आणि प्रतिलोम (बायको वरच्या वर्णाची) ही चौकट आपल्याकडे तयार असताना उसनवारी कशाला? मनुस्मृतीचा दहावा अध्याय उघडा, अशीच यादी सापडेल.

चहाटळ: म्हणूनच नको! मेक्सिकोच्या डोक्यावर मनू कशाला बसवता? आणि 'कास्ता' पोर्तुगीजांनी आपल्या जातींना लावला, त्यातूनच इंग्रजीतलं 'कास्ट' आलं. जात लिहा, शब्द घरी येईल.

मीठभाकर: घरी येईल, पण चुकीच्या घरी. आपल्याकडे जातीतून सुटका नाही. तिथे मेस्तिसो बाईला स्पॅनिश नवऱ्यापासून कास्तिसो मूल, आणि कास्तिसो बाईला स्पॅनिश नवऱ्यापासून पुन्हा चक्क स्पॅनिश! आफ्रिकी रक्ताला मात्र ही वाट बंद. मुलाता, मोरिस्का, अल्बिना, दर पिढीला नवरा स्पॅनिश, तरी अल्बिनाच्या पोराचं नाव 'तोर्ना आत्रास', म्हणजे मागे फिरलेला.

मांडवीकाठ: गंमत बघा, आमच्या गोव्यात कास्तिसो म्हणजे आईबाप दोघंही पोर्तुगीज, फक्त जन्म इथला. मिश्र तो मेस्तिसो. एकच शब्द, दोन समुद्रांवर दोन अर्थ. आजीला कशाशीच देणंघेणं नव्हतं, गोरा दिसला की 'पाखलो'.

दौतटाक: मेस्तिसो आणि आपला 'मिश्र' मुळात भाऊबंदच, लॅटिन मिक्स्टस पाहा. 'मिश्रज' करा!

चहाटळ: दादा, मिश्रज औषधाच्या बाटलीवर शोभेल. मुलातोचं काय करणार? त्यात 'मूला', म्हणजे खेचर आहे.

दौतटाक: अरबी 'मुवल्लद', म्हणजे मिश्र रक्ताचा, यावरूनही लावतात.

चहाटळ: लावू द्या. शेजारच्या चौकटींत लोबो म्हणजे लांडगा आणि कोयोटे म्हणजे तिकडचा कोल्ह्यासारखा प्राणी बसलेत, तिथे खेचरच शोभतं.

मीठभाकर: मराठीत याला तोडीस तोड शब्द आहे, अकरमाशा. बारा मासे म्हणजे पुरा तोळा, एक कमी पडला की माणूस खोटा. माणसाचं रक्त सोनाराच्या काट्यावर!

कुंपणावरची: बाई गं. हा कसा छापू?

मीठभाकर: छापू नकाच. शाळेत माझ्या वर्गातल्या पोराला बाईंनी सगळ्यांदेखत हा शब्द वापरला होता. अर्थ आम्हाला कळला नाही, त्याला कळला. पण त्या चित्रांतली नावं कानाला गोड लागतात म्हणून 'मिश्रवंशीय' असलं गुळगुळीत काही लिहू नका, एवढंच.

कुंपणावरची: मग 'कास्ताचित्रे' ठेवते, मेस्तिसो-मुलातो तसेच. दोन नावं मात्र मराठीत हवीत. 'तेंते एन एल आइरे', म्हणजे हवेत लोंबत राहा. आणि 'नो ते एंतिएंदो', म्हणजे तू मला कळत नाहीस. हेसुद्धा माणसांचे प्रकार!

मांडवीकाठ: पहिला त्रिशंकू.

दौतटाक: त्रिशंकू राजा होता, त्याचा इथे काय संबंध? बाकी माशाचं गणित तपासा. आमचे सराफ 10 ग्रॅमचा तोळा धरतात.

चहाटळ: जुना तोळा 11.66 ग्रॅमचा. आठ गुंजांचा मासा.

दौतटाक: मासा नव्हे, माषा. मूळ 'माष', म्हणजे उडीद.

मांडवीकाठ: आमच्याकडे मासा म्हणजे मासाच.

कुंपणावरची: अहो, 'नो ते एंतिएंदो'?

दौतटाक: उडीद की उडद, यावर वेगळा धागा काढूया का?