स्नोबोर्डच्या कडांना घरी धार कशी लावावी?

माळवेकर (इंदूर)
नमस्कार. जानेवारीत गुलमर्गला जाण्याचा बेत असल्याने माळ्यावरचा स्नोबोर्ड (बर्फावरून घसरत जाण्याची फळी) काढला, तर पावसाळ्यातील दमट हवेने त्याच्या पोलादी कडांवर तांबूस गंज चढलेला दिसला. एके ठिकाणी दगडाच्या माराची खाचही आहे. सियागंजातून कानस आणून घरीच धार लावावी, की चाकू-सुऱ्यांना धार लावणाऱ्याच्या चाकावर बोर्ड धरावा?

हिमवाट
चाकावर मुळीच धरू नये. तिथे कड क्षणात तापते, पोलादाचा कडकपणा उतरतो आणि कड धरून ठेवणारे इपॉक्सी सैल पडू शकते.

तळाच्या बाजूने कडेला साधारण १ अंशाचा उतार दिलेला असतो. त्याला हात लावू नये, कारण तिथले पोलाद जास्त गेले तर सगळा तळ यंत्रावर घासून घेण्याची वेळ येते. काम करायचे ते केवळ बाजूच्या पृष्ठभागावर. मार बसलेली जागा आघाताने अधिक कठीण होते आणि कानस तिच्यावरून नुसती घसरते, म्हणून आधी ती ओल्या डायमंड स्टोनने (हिऱ्याची पूड बसवलेल्या घासणीने) घासावी. मग कडेवर मार्करची शाई फासून, बोर्डाच्या मूळ कोनाच्या (बहुधा ८९ किंवा ९० अंश) गाइडमध्ये (कानस ठरावीक कोनात धरणाऱ्या साच्यात) बसवलेली बारीक दातांची कानस एकाच दिशेने, हलक्या हाताने फिरवावी. शाई एकाच काठाची जात असेल, तर कोन चुकतो आहे असे समजावे. सगळीकडून सारखी गेली की थांबावे. खाच पूर्ण मिटवण्याच्या भरीस पडू नये, कारण एवढे पोलाद घालवणे परवडत नाही.

बडोदेकर
वरील उत्तराशी सहमत आहे. मात्र गुलमर्गच्या भुसभुशीत ताज्या बर्फात तासलेल्या धारेचा फारसा उपयोग नसतो, तिची खरी गरज टणक, गोठलेल्या उतारावर भासते. तेव्हा वरवरचा गंज खरवडून, उठलेले धातूचे काटे डायमंड स्टोनने काढले तरी आपले काम भागेल असे वाटते.

माळवेकर (इंदूर)
आभारी आहे. पुढच्या पावसाळ्यात गंज धरू नये म्हणून काय करावे?

हिमवाट
परतल्यावर बोर्ड कोरडा पुसून तळावर वॅक्सचा जाड थर द्यावा, तो कडांवरही पसरू द्यावा आणि पुढच्या हंगामापर्यंत खरवडू नये. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र ठेवू नये, कारण आत कोंडलेला ओलावा कडांवरच बसतो.