पट्टी आता मोबाईलच करतोय, दिवाणजीनं काय करायचं?

हळदीचा_दिवाणजी
सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात २६ वर्षं दिवाणजी आहे. वय ५३. हळदीचे सौदे झाले की वजनं मांडायची, हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या पैशाचा हिशेब, करायची, संध्याकाळी कीर्द, मग खतावणी. टॅली आली, शिकलो. २०१७ ला जीएसटी आला, तोही शिकलो. यंदा धाकट्या मालकांनी ॲप घेतलं. वजनाच्या चिठ्ठीचा फोटो काढला की पट्टी तयार, शेतकऱ्याच्या व्हॉट्सॲपला गेलीसुद्धा! मला कुणी काही बोललेलं नाही. पण हाताखालचा पोरगा दिवाळीत सोडून गेला, त्याच्या जागी कुणाला घेतलं नाही. तेच टोचतंय. त्यात भाचा म्हणतो, "मामा, ऑक्सफर्डच्या दोघांनी २०१३ मध्ये ७०२ कामांची यादी केली, त्यात हिशेब लिहिणाऱ्याचं काम मशीनकडं जायचा धोका १ पैकी ०.९८." पोरीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे हो.

मिरजकर_निवृत्त
दिवाणजी, मी बँकेत कारकून होतो. लेजर जुळेना म्हणून २७ पैशांपायी रात्री ११ पर्यंत बसलोय. कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर आमच्या संघटनेनं केवढा विरोध केला! आमच्या शाखेत काढलं कुणालाच नाही, पण नवी भरती आटली. पुढं २०००-०१ च्या व्हीआरएसमध्ये, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीत, सरकारी बँकांतून लाखभर माणसं बाहेर पडली. तुमच्या हाताखालच्या पोराची रिकामी जागा हलक्यात घेऊ नका.

तासगावचा_पुण्यात
भाच्याला पुढचंही वाचायला सांगा. त्या दोघांनी अख्खा व्यवसायच धोक्यात धरला आणि अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्या जोखमीत काढल्या. २०१६ मध्ये ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या अभ्यासात एकेका नोकरीतली कामं सुटी करून मोजली, तर २१ देशांची सरासरी ९ टक्के आली. अर्थात, सरासरीला तुमचा पगार ठाऊक नसतो.

वाळव्याचा_ऊसवाला
आमच्याकडं हार्वेस्टर आलाय. मोठ्या पट्ट्यात, रुंद सरीत ऊसतोड टोळीचं काम गेलंच समजा. पण ओल्या रानात मशीन रुततं, बारक्या तुकड्यात वळत नाही. तिथं अजून कोयताच. तुमच्या यार्डात मशीन कुठं रुततंय तेवढं हुडका.

हळदीचा_दिवाणजी
हुडकायला लागलंच नाही. परवा ॲपनं एकाच गावच्या दोन पाटलांचा माल एका पट्टीत घातला. नाव एक, बापाचं नावही एक. एकाची ११ पोती, हळकुंड मोडलं की आत गर्द केशरी. दुसऱ्याची ८, फिकट आणि जरा ओलसर. दर वेगळे लागले होते. मी सौद्याला उभा होतो म्हणून कळलं, नाहीतर दुपारी दोघंही दुकानात येऊन बसले असते. धाकट्या मालकांना म्हटलं, लिहायचं ॲपला करू दे, मला रोज सौद्याला उभं करा. "बघू" म्हणाले.

पगाराचं विचारायचं धाडस काही झालं नाही.