स्टार वॉर्सच्या पेपरातल्या पट्ट्या (कॉमिक स्ट्रिप): कोणतं एडिशन घ्यावं?

बर्डीचा_वाचक: लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समध्ये अंतराळवीर फ्लॅश गॉर्डन वाचलेला, आता परत कीडा वळवळून राहिला. स्टार वॉर्सची जी पट्टी अमेरिकेत पेपरात यायची तिचे डार्क हॉर्स या प्रकाशकाचे जुने अंक बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) एकाकडे दिसले, पण आयडीडब्ल्यू या दुसऱ्या प्रकाशकाचे मोठे तीन खंडही आहेत म्हणे. कोणतं घेऊ?

ऑरेंजसिटी७: भाऊ, खंडच घे. पट्टी १९७९ ते १९८४ चालली, आधी रस मॅनिंग नावाचा चित्रकार, मग आर्ची गुडविनची गोष्ट आणि अल विल्यमसनची चित्रं. डार्क हॉर्सने विल्यमसनच्या पट्ट्या कापून कॉमिकच्या पानात बसवल्या आणि वरून रंग भरले, वाचायला मजा येते पण रोजची पट्टी कशी होती ते कळतच नाही. खंड आडवे आहेत, रोजचं काळंपांढरं, रविवारचं रंगीत. विल्यमसनची शाई रंगाशिवायच बघायची बे! पैसे कमी असतील तर दुसऱ्या खंडापासून सुरू कर.

कूलरग्रस्त: स्टार ट्रेकचीही पट्टी होती ना, १९७९ ते १९८३, तिचे दोन खंड निघालेत. चित्रं तेवढी भारी नाहीत पण मला आवडतात, काहून ते विचारू नको. आणि हो, शेल्फ कूलरसमोर ठेवू नको, आपल्याकडे मे महिन्यात त्या ओल्या हवेनंच पानं फुगतात, माझ्या एका खंडाचा पुठ्ठा पार वाकडा झाला.

बर्डीचा_वाचक: ठरलं, दुसरा खंड. शेल्फ आजच हलवतो.