वाफ, तुषार की फवारा?

शाईचा_डाग: अल्फा-1 अँटीट्रिप्सिन या फुप्फुसांचं रक्षण करणाऱ्या प्रथिनाच्या आनुवंशिक कमतरतेवरचं माहितीपत्रक मराठीत करतोय. हे प्रथिन नेब्युलायझरमधून (द्रव औषधाचे बारीक थेंब करणारं यंत्र) थेट फुप्फुसात द्यायच्या चाचण्या झाल्या आहेत. 'वाफेवाटे' लिहिलं, तर तपासनिसाने लाल रेघ मारली. 'बाळाला वाफ दिली' असं सर्रास म्हणतात की!

नळकांडे: रेघ बरोबर आहे. वाफ म्हणजे उष्णता, आणि तापलं की प्रथिन बिघडतं. म्हणून अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी थेंब करणारं) यंत्रही टाळतात, त्यात द्रावण तापतं. चाळणीवाल्या यंत्रात पातळ पत्रा थरथरतो आणि बारीक छिद्रांतून थेंब निघतात. 'तुषार' लिहा.

बांधावरून: तुषार म्हटलं की आमच्याकडे स्प्रिंकलर! फवारा म्हटलं तर औषधफवारणी.

नळकांडे: थेंब 1 ते 5 मायक्रॉनचे हवेत. मोठे घशातच बसतात, मग गिळले जाऊन पोटात पचतात. फार बारीक असले तर उच्छ्वासासोबत परत. म्हणून 'सूक्ष्मतुषार'.

साधंसोपं: असे जोडशब्द रुग्ण वाचत नाही. 'नेब्युलायझरने घ्यायचं औषध', संपलं. खरी माहिती पुढे द्या: द्रावण हलवू नका, फेस होतो, प्रत्येक वेळी छिद्रांची जाळी धुवा, ब्रशने घासू नका. प्रथिन वाळून छिद्रं बुजली की तेवढ्याच औषधाला जास्त वेळ लागतो.

मूळधातू: मला 'कमतरता'च खटकते. या आजाराच्या 'झेड' या जनुकीय प्रकारात यकृत प्रथिन बनवतं, पण ते नीट घडी न पडल्याने तिथेच अडकतं. 'तुटवडा' म्हणा: माल गोदामात, दुकानात नाही.

नळकांडे: उपमा झकास, पण नाव बदललं तर रुग्ण शोधणार कसा? आणि गोदामातला माल या उपचाराने हलत नाही, हे जरूर लिहा. यकृताला फायदा नाही, शिरेतून दिलं तरी नाही. शिरेतून आठवड्याला किलोमागे 60 मिलिग्रॅम, म्हणजे 70 किलोच्या माणसाला 4,200. चाचणीत श्वासावाटे रोज 80, आठवड्याला 560.

साधंसोपं: 'प्रथिन' नको, 'प्रोटीन' लिहा.

मूळधातू: म्हणजे लोक जिमची पावडर हुंगतील!

साधंसोपं: प्रथिन लिहिलं तर डाळ हुंगतील.

शाईचा_डाग: 'वाफे'चं काय ठरलं?

बांधावरून: त्याआधी 'फुप्फुस' की 'फुफ्फुस' ते ठरवा.

मूळधातू: संस्कृतात फुप्फुस. दुसरं बोलण्यातलं.

साधंसोपं: मग दुसरंच लिहा.