अमेरिकन बोटीवरची सीएनजी शेगडी: बाटली साताऱ्यात भरून मिळेल का?

शाहूपुरीच्या काकू, सातारा

नमस्कार. प्रश्न जरा विचित्र आहे. हसलात तरी चालेल, पण उत्तर द्या.

आमच्या ह्यांनी निवृत्तीनंतर दोन मित्रांबरोबर भागीत एक जुनी शिडाची बोट घेतली आहे. तीस फुटी, अमेरिकन बनावटीची, १९८३ ची. सध्या दाभोळच्या खाडीत असते. शीड, सुकाणू, नांगर हा त्यांचा प्रांत. आत उतरलं की डाव्या हाताला छोटा ओटा आहे, तो मला न विचारताच माझ्या नावावर झाला.

शेगडी मात्र झकास आहे. तीन बर्नर, खाली ओव्हन, आणि बोट कलली तरी पातेलं सपाट राहावं म्हणून दोन्ही बाजूंनी पिनांवर टांगलेली. पण ती चालते सीएनजीवर! सोबत एक उंच लोखंडी बाटली मिळाली, रिकामी. खांद्यावर पंच केलंय: डीओटी-३एए-२२६५, आणि शेवटची तारीख सप्टेंबर १९९७. बारा लिटर पाणी मावेल एवढी असेल.

बाटली गाडीत घालून कुंभार्ली घाटातून साताऱ्याला आणली. हायवेच्या एका पंपावर नेली, तर पोरानं बाटलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि साहेबांना हाक मारली. साहेब म्हणाले, आम्ही फक्त गाडीच्या टाकीत भरतो. आता ह्यांचं म्हणणं, आपल्या वॅगनआरच्या टाकीतून नळी लावून भरू. मला हे काही धड वाटत नाही. कोणी जाणकार आहे का?

ऊसवाला, वाळवा

काकू, साखर कारखान्याच्या प्रेसमडपासून, म्हणजे उसाचा रस गाळून उरणाऱ्या गाळापासून, आता हाच गॅस करतात. २०१८ ला केंद्राची 'सतत' योजना आली, त्यातलं. एखाद्या कारखान्यात ओळख काढा, बाटली भरून मिळंल. सीएनजी म्हणजे मिथेनच, आणि शेवटी मिथेन तो मिथेन.

मिरजेचा गॅसवाला

पाहुणं, गॅस तोच हे खरं, पण घोडं गॅसपाशी अडलेलं नाही, बाटलीपाशी अडलंय.

काकू, मी मिरजेत गाड्यांना सीएनजी किट बसवतो आणि टाक्या उतरवून टेस्टिंगला पाठवतो. रोजचं काम आहे म्हणून स्पष्ट लिहितो. काकांना सांगा, नळीचा विषय आजच्या आज बंद.

डीओटी-३एए हा अमेरिकेच्या वाहतूक खात्याचा बाटल्यांचा दर्जा, आणि त्यापुढचा २२६५ आकडा तुम्ही लिहिलात ते फार बरं केलंत. दर चौरस इंचाला इतके पौंड, असा तो दाब आहे. आपल्या हिशेबात १५६ बार. आपल्याकडचे पंप भरतात २०० बारला. गाडीची टाकी २०० साठीच बनवलेली असते, आणि टेस्टला तिच्यात पाणी भरून दाब सव्वातीनशेच्या वर नेतात. तुमची बाटली मुळात १५६ ची. भरलेल्या वॅगनआरला नळी जोडून व्हॉल्व्ह उघडलात, तर दोन्हीकडचा दाब सारखा होईपर्यंत गॅस येत राहणार. १५६ झाले म्हणून तो थांबायचा नाही. दाबाचा काटा बघून थांबवू असं काका म्हणतील. २०० बारच्या नळीशेजारी उभं राहून काटा बघायचा नाद नको.

त्यात १९९७ नंतर टेस्ट नाही, आणि मुक्काम खाऱ्या हवेत. बाटलीचा रंग बघून काही ठरवू नका. माझ्याकडं वरून नव्यासारख्या दिसणाऱ्या टाक्या येतात. क्लॅम्पच्या पट्टीखाली रबर असतं, ते ओल धरून ठेवतं. रबर सोलून बोट फिरवलं की तपकिरी पापुद्रा नखाला येतो आणि खाली खड्डे लागतात. हे झालं बाहेरचं. आत काय झालंय ते टेस्टिंगवालाच सांगणार.

पंपवाल्यावर मात्र रागावू नका, तो बरोबर वागला. गॅस सिलिंडर नियम २०१६ प्रमाणं नागपूरच्या पेसोची, म्हणजे स्फोटकं आणि गॅस सिलिंडरची सुरक्षा बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेची, मान्यता नसलेली बाटली भरता येत नाही. गाडीच्या टाकीलासुद्धा दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे वर सांगितली ती पाण्याच्या दाबाची टेस्ट, लागते, त्याची प्लेट बघूनच नोझल लावायचं असतं. कारखान्यातला गॅस घेतलात तरी नियम हाच.

आणि समजा भरलीच, तर हाती काय लागतं? बारा लिटरमध्ये १५६ बारला दीड किलोच्या आसपास गॅस. उष्णता किलोमागं एलपीजीपेक्षा किंचित जास्त, बस. म्हणजे एवढं लोखंड घाटातून ने-आण करून पाच किलोच्या छोट्या सिलिंडरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा स्वयंपाक. बाटली सोडा, शेगडी ठेवा आणि ती एलपीजीवर करून घ्या.

जहाजी, वाई

इंजिनरूममध्ये नोकरी झाली, म्हणून दोन शब्द. मिरजकरांचा हिशेब चोख आहे, पण "एलपीजीवर करून घ्या" हे बोटीवर इतकं सोपं नाही.

अमेरिकेत त्या काळी काही बोटींवर सीएनजी बसवला तो विचार करूनच. मिथेन हवेपेक्षा हलका. गळला तर वर जातो, झाकण उघडं असलं की बाहेर. एलपीजी हवेच्या दीड ते दोन पट जड. घरात गळला तर दाराखालून निघून तरी जातो. बोटीच्या तळाला दार नसतं. तिथं तो साचून राहतो, आणि तिथंच पाणी उपसायचा पंप, बॅटरीच्या वायरी, शेजारी इंजिन. एक ठिणगी पुरते. वास येतो म्हणाल, तर तो तळाशी, आणि तुमचं नाक वर ओट्यापाशी.

तरीही तिकडं पुढं बाटल्या भरून देणारे कमी होत गेले आणि बऱ्याच मालकांनी एलपीजीच घेतला. पण नीट घेतला. सिलिंडर आत ठेवायचा नाही. मागं बसायच्या जागेत त्याच्यासाठी वेगळी पेटी करा. झाकण फक्त वरून उघडणारं, आतल्या बाजूला एकही फट नको, आणि पेटीच्या बुडातून एक नळी थेट बोटीबाहेर, पाण्याच्या पातळीच्या वर निघणारी. पेटीपासून शेगडीपर्यंत पाइप अखंड, मध्ये जोड नाही. ओट्यापाशी हात पोचेल तिथं बंद करायची सोय, आणि गॅस डिटेक्टर भिंतीवर नाही, तळाशी. सिलिंडर शक्यतो कॉम्पोझिटचा, म्हणजे लोखंडाऐवजी फायबर-प्लास्टिकचा, घ्या. गंजत नाही, आणि उजेडात धरला की गॅस किती उरलाय ते दिसतं.

इंडक्शन सुचवणारे येतीलच. दीड हजार वॉटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून सव्वाशे अँपिअरच्या वर ओढते. भात होईपर्यंत बॅटरीचा जीव जातो.

शाहूपुरीच्या काकू, सातारा

दोघांचे आभार. नळीचा बेत रद्द झाला, ह्यांनी मित्रांना फोन करून "आमच्या घरात आता इंजिनिअर बसलेत" असंही सांगून टाकलं. पेटीचं काम दाभोळच्या सुताराला सांगते. एकच राहिलं. जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्या, बदलाव्या लागतील का? ह्यांच्याकडं बारीक ड्रिल आहे, ते त्यांनी कालच तेल घालून ठेवलंय.

मिरजेचा गॅसवाला

ड्रिल परत डब्यात ठेवायला सांगा काकू. पाइपचा गॅस आला की एलपीजीच्या शेगडीचं भोक मोठं करतात, ते काकांनी कुठंतरी बघितलं असणार. तुमचं काम उलटं आहे. एलपीजीत तेवढ्याच घनफळाला मिथेनच्या अडीच ते तीनपट उष्णता, शिवाय आपला रेग्युलेटर ३० मिलिबारचा, जुन्या अमेरिकन शेगडीला त्याच्या निम्म्याच्या जरा वर पुरतो. आत्ताच्या जेटवर एलपीजी सोडलात तर पिवळी ज्योत हातभर वर येईल आणि पातेली काळी होतील. भोकाचं क्षेत्रफळ साधारण निम्म्यावर आणायला लागतं, आणि भोक लहान करायचं ड्रिल अजून बाजारात आलेलं नाही.

पितळेचे नवे जेट करून घ्यायचे. तिन्ही बर्नरचे आणि ओव्हनचा, असे चारही जुने काढून आणा, आटे जुळवायला नमुना लागतो. ओव्हनच्या थर्मोस्टॅटला बारीक ज्योतीचा वेगळा स्क्रू असतो, तो विसरू नका. नाहीतर ओव्हन मंद केला की ज्योत विझणार आणि गॅस जहाजींनी सांगितलेल्या तळात जाणार. ज्योत विझली की आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह त्यात नसेल तर तोही बसवू.

येताना ती बाटलीही आणा. व्हॉल्व्ह आहे तशी भंगारात द्यायची नाही. आधी पूर्ण रिकामी असल्याची खात्री करून व्हॉल्व्ह मी उतरवतो.